अंदमानात जीटी गरवायचा तर: पहिल्या अर्ध्या मिनिटाची तयारी

प्रश्न थोडक्यात असा: कोकणात खाडीच्या तोंडाशी चोणक, तांबोशी आणि लहान कोकर गरवायचा चांगला सराव आहे. येत्या फेब्रुवारी-मार्चमध्ये चार दिवस अंदमानला जाऊन जीटी, म्हणजे जायंट ट्रेव्हली, गरवायचा बेत आहे. या माशात असं काय आहे की लोक त्याच्यासाठी लाखाच्या घरातलं रीळ घेतात? आणि हाताशी असलेल्या सामानात भागेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: भागणार नाही. चोणकाचा रॉड, ४००० साइजचं रीळ आणि तीस-चाळीस पौंडी ब्रेड (विणलेली दोरी) घेऊन प्रवाळाच्या कडेवर पॉपर (पाण्यावर तरंगत खळबळ करणारं आमिष) टाकलात तर जीटी लागेलही. पण लागल्यावर दहा-पंधरा सेकंदांत दोरी खडकावर कापली जाईल आणि मासा जबड्यात दोन तिकटी (तीन काट्यांच्या) गऱ्या घेऊन, मागे पन्नास मीटर ब्रेड ओढत निघून जाईल. तुमचं नुकसान हजार-दोन हजारांचं, त्याचं कदाचित जिवाचं. म्हणून हलक्या सामानाने ‘मजा म्हणून एकदा बघू’ हा प्रयोग या माशावर करू नये.

आता पहिला प्रश्न. जीटी हा आपल्या कोकराच्याच कुळातला, त्यातल्या कॅरँक्स वंशातला सगळ्यात मोठा. शास्त्रीय नाव कॅरँक्स इग्नोबिलिस. लांबी १७० सेंटिमीटरपर्यंत जाते. गळावर पकडलेल्या माशाचा जागतिक विक्रम ७२.८ किलोचा आहे, जपानच्या कागोशिमा प्रांतातल्या तोकारा बेटांपाशी २००६ साली नोंदवलेला. एवढा मासा डोक्यात धरून कुणी जाऊ नये. अंदमानात आठ ते वीस किलोचा मासा नेहमीचा म्हणायचा, तीसच्या वर गेला तर मोठा, आणि पन्नासच्या वरचा ज्याच्या नशिबी आला त्याने वर्षभर सांगत फिरावं.

ओळख सोपी आहे. कपाळ एकदम उभं, जबडा जड, शेपटीकडच्या भागात दोन्ही अंगांना टणक धारदार खवल्यांची रांग. शेपटी हातमोज्याशिवाय धरलीत तर ही रांग तळहात सोलून काढते. निळ्या परांचा, अंगावर बारीक निळे ठिपके असलेला ब्लूफिन ट्रेव्हली वेगळा. मोठ्या डोळ्यांचा, पाठीवरच्या पराचं टोक पांढरं असलेला बिगआय ट्रेव्हलीही वेगळा. हे दोघे त्याच पाण्यात त्याच पॉपरवर येतात. काही मोठे जीटी जवळजवळ कोळशासारखे काळे दिसतात. ते बहुधा नर असतात, त्यांना काही रोग झालेला नसतो.

त्याची शिकारीची रीत समजली की बाकी सगळं समजतं. पिल्लं खाड्यांच्या मचूळ पाण्यात वाढतात, म्हणजे खाडीत तुमच्या गरीला लागणाऱ्या वीतभर कोकरांत एखादं जीटीचं पिल्लू असू शकतं. साठेक सेंटिमीटरला मासा वयात येतो आणि प्रवाळाच्या बाहेरच्या कडेला जाऊन राहतो. तिथे तो दिवसभर पळत नाही. पाण्याची ओढ जिथे खडकाला थडकते, तिथे लहान मासे कडेला लोटले जातात, त्यांचा तोल जातो, आणि हा खालून किंवा आडून येऊन एका झेपेत उचलतो. शार्कच्या किंवा मोठ्या पाकटाच्या मागे मागे फिरून त्यांनी उठवलेली शिकारही पळवतो. सेशेल्समधल्या फार्क्वार प्रवाळद्वीपावर तर जीटी पाण्यावरून उडणाऱ्या टर्न पक्ष्यांची नवखी पिल्लं झेपावून धरतात, त्याचं चित्रीकरण झालेलं आहे. म्हणजे पाण्याच्या वर काय चाललंय त्यावर त्याची नजर असते. पॉपरसारखं वर तरंगणारं, खळबळ करणारं आमिष त्याला इतकं का चालतं, त्याचं कारण हेच.

गरवणाऱ्याला त्याचं वेड लागतं ते दोन गोष्टींमुळे. पहिली, सगळं डोळ्यांदेखत घडतं. पॉपरच्या मागे पाणी फुगतं, काळी पाठ दिसते, मग बादलीभर पाणी उडतं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. सुरमई किंवा कुपा (ट्यूना) लागला की तो उघड्या समुद्रात लांब धाव घेतो, तुम्ही दोरी देता, तो दमतो, वेळ तुमच्या बाजूने असतो. जीटी तसं करत नाही. तो लागल्याबरोबर वळून सरळ प्रवाळाच्या कडेखाली घुसतो, आणि कड बहुतेक वेळा वीस-तीस मीटरवरच असते. वेळ त्याच्या बाजूने. पहिल्या अर्ध्या मिनिटात त्याचं तोंड तुम्ही फिरवलंत तर मासा साधारण तुमचा, नाहीतर गेला. नंतरची दहा मिनिटं कष्टाची असतात, पण निकाल आधीच लागलेला असतो. म्हणून रॉडपासून होडी चालवणाऱ्या तांडेलापर्यंत सगळी निवड त्या अर्ध्या मिनिटाकडे बघून करायची.

सामान: पैसे कुठे घालायचे

नवखे लोक सगळे पैसे रॉडमध्ये घालतात आणि गऱ्या-कड्यांत वाचवतात. उलट करा. मासा सुटतो तो सगळ्यात कच्च्या दुव्यावर, आणि तो दुवा सहसा रॉड नसतो.

रॉड साडेसात ते सव्वाआठ फुटी, पॉपिंगसाठी बनवलेला, पीई ८ दोरीच्या दर्जाचा. पीई १० चा रॉड घेण्याचा मोह टाळा, तो दिवसभर फेकताना पहिल्या दोन तासांतच खांदा मोडतो. पीई हा ब्रेडच्या जाडीचा जपानी आकडा आहे. पीई ८ म्हणजे कंपनीनुसार साधारण ऐंशी ते शंभर पौंडांची दोरी. अशी तीनशे मीटर मावेल एवढं रीळ हवं: १४००० ते २०००० साइजचं. शिमानो स्टेला किंवा दाइवा साल्टिगा ही त्यातली राजेशाही रिळं. त्यांचा ड्रॅग (ठरावीक ताणाला दोरी सोडणारा रिळाचा ब्रेक) बारा किलोवरही न अडखळता सुटतो, पैसे त्याचेच. पण शिमानो सारागोसासारखं, त्यांच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यात येणारं रीळ चार दिवसांच्या सहलीला पुरेसं आहे. तेही जमत नसेल तर बरेच चार्टरवाले (गरवायला भाड्याची होडी देणारे) रॉड-रीळही भाड्याने देतात. तेव्हा रीळ भाड्याचं चालेल, दोरी मात्र स्वतःची नवी घेऊन जा आणि तिथे भरून घ्या. भाड्याच्या रिळावरच्या ब्रेडने याआधी किती खडक चाटलेत, ते सांगायला कुणी नसतं.

ब्रेड भरताना ताण देऊन भरा. ओली दोरी दोन-तीन किलोच्या ताणाखाली गुंडाळली पाहिजे. सैल भरली तर पहिल्या जोरदार धावेत वरची दोरी खालच्या थरांत रुतते, पुढच्या फेकीत मध्येच अडकते आणि दीडशे ग्रॅमचा पॉपर दोरी तोडून एकटाच समुद्रात जातो. महागडे पॉपर सगळ्यात जास्त असेच हरवतात, माशाने नव्हे.

लीडर, म्हणजे ब्रेड आणि आमिष यांच्यामधला जाड दोरीचा तुकडा, नायलॉनचा, १३० ते १७० पौंडी. फ्लुरोकार्बन इथे नको: ताठ असतो, गाठ नीट आवळली जात नाही, आणि बुडतो म्हणून पॉपरचं नाक खाली ओढतो. लांबीबाबत दोन मतं आहेत. दीड-दोन मीटरचा लीडर ठेवला तर फेकताना गाठ रॉडच्या टोकाबाहेर राहते, फेक सुरळीत जाते. चार-पाच मीटरचा ठेवला तर खडकावर घासायला जास्त जाड दोरी मिळते, पण गाठ प्रत्येक फेकीत रॉडच्या कड्यांतून जाते. पहिल्या सहलीला आखूडच ठेवा. खडबडीत जागी लांब लीडर कामाला येतो हे खरं, पण हेलकाव्यात उभं राहून जाड गाठ कड्यांतून सोडण्याचा सराव नसेल तर तोच अडचण करतो.

ब्रेड आणि लीडर जोडायला एफजी गाठ. ही घरीच शिका, होडीवर नाही. ब्रेड दातांत किंवा रॉडच्या टोकाशी ताणून धरायची आणि लीडर तिच्यावरून-खालून आलटून पालटून वळवत न्यायचा. जाड लीडरला वीस-एक वळसे पुरतात. प्रत्येक वळसा शेजारच्याला टेकलेला हवा, एकावर एक चढलेला नको. मग दोन अर्धगाठींनी बांधून थुंकीने ओलं करायचं आणि हातमोजे घालून, दोन्ही टोकं कशाला तरी गुंडाळून जीव खाऊन ओढायचं. बरोबर आवळली की ब्रेडचा रंग गडद होतो आणि ती लीडरच्या अंगात रुतल्यासारखी दिसते. रंग बदलला नाही तर गाठ झालेली नाही, सोडा आणि पुन्हा बांधा. मग लीडरचं उरलेलं टोक कापायचं आणि पुढे नुसत्या ब्रेडवर दहा-बारा अर्धगाठी, एक उजवी एक डावी, घालून शेवट करायचा. टोकाला लायटरने बोंड करणारे बरेच आहेत. करा, पण ज्योत ब्रेडला नुसती चाटली तरी ती तिथे निम्मी होते आणि डोळ्याला काही दिसत नाही.

पुढच्या टोकाला लीडर कधीही थेट स्प्लिट रिंगला (किल्ल्यांच्या कडीसारख्या दुहेरी वेढ्याच्या कडीला) बांधू नका. ताणात दोरी त्या कडीच्या फटीत शिरते आणि कापली जाते. लीडर सॉलिड रिंगला (अखंड कडीला) किंवा जाड स्विव्हलला (फिरत्या कडीला), ती स्प्लिट रिंगमध्ये, आणि स्प्लिट रिंग पॉपरच्या नाकाला, असा क्रम. कड्या दोनशे पौंडांच्या वरच्या घ्या. आमिषाबरोबर आलेल्या कड्या-गऱ्या बिनदिक्कत काढून टाका.

पॉपर, स्टिकबेट आणि गऱ्यांचं वजन

चार दिवसांसाठी सहा-सात आमिषं पुरेत: १२० ते १८० ग्रॅमचे खोल वाटीच्या तोंडाचे तीन पॉपर, १८० ते २२० मिलिमीटरचे दोन तरंगते आणि एक-दोन बुडते स्टिकबेट (वाटी नसलेलं, लांबट काठीसारखं आमिष). रंगावर डोकं खपवू नका. एक गडद, एक फिकट, एक चांदी, झालं. बघायचं ते हे की नाकापासून शेपटीपर्यंत आतून एकच अखंड तार गेलेली आहे का. नुसत्या स्क्रूवर अडकवलेली कडी जीटी उपसून काढतो.

पाणी खवळलेलं, वाऱ्याने चिरलेलं असेल तर पॉपर. त्याचा आवाज लांबून पोचतो. पाणी नितळ आणि निवांत असेल, किंवा मासे मागे येऊन परतत असतील, तर स्टिकबेट. हा नियम अगदी पक्का नाही, पण सुरुवात इथून करावी.

गरी एकेरी की तिकटी, यावर वाद चालतात. तिकटी गरी लवकर रुतते, पण एक काटा जबड्यात आणि दुसरा हाडावर टेकला की तरफेसारखा जोर बसून ती उघडते. शिवाय माशाचा डोळा किंवा कल्ला फाडते, आणि होडीवर माणसाच्या हातातही तीच घुसते. एकेरी गरी जबड्याच्या कोपऱ्यात बसते आणि सुटत नाही. माझं मत एकेरीकडे झुकतं, आणि कुठलीही घेतली तरी काट्याचा उलटा दात पक्कडीने दाबून सपाट केलेला हवा. दात दाबल्याने मासे सुटतात ही भीती खोटी आहे. दोरी ताणलेली असली तर सुटत नाहीत.

पण इथे एक गोष्ट बरेच जण विसरतात. पॉपर किती तिरका तरंगतो ते शेपटीकडच्या वजनावर ठरतं. दोन जाड तिकट्यांसाठी बनवलेल्या पॉपरला हलक्या एकेरी गऱ्या लावल्या की तो पाण्यावर आडवा पडतो, वाटी पाण्याबाहेर राहते, आणि ओढला की आवाज न करता घसरत पुढे येतो. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर जुन्या गऱ्या-कड्या तोलून घ्या आणि नव्या त्याच्या दोन-चार ग्रॅमच्या आत ठेवा. मग बादलीत किंवा टाकीत सोडून बघा: शेपूट खाली, नाक पाण्याच्या जेमतेम वर, असा उभा-तिरका राहिला पाहिजे.

ड्रॅग

ड्रॅग हाताने ओढून ‘बरा वाटतोय’ म्हणून ठरवू नका. दोरी रॉडच्या कड्यांतून काढा, रॉड ४५ अंशांवर धरा आणि दुसऱ्या माणसाला पिशवी तोलायच्या लटकत्या काट्याने ओढायला सांगा. पीई ८ ला दहा ते बारा किलो हा सर्वसाधारण आकडा. मग त्याच वेळी स्वतःकडे बघा: दहा किलो ओढ असताना हलत्या होडीवर तोल राहतोय का? राहत नसेल तर आठवर या. समुद्रात पडलेला माणूस मासा आणत नाही.

आणखी एक: रिळावरची दोरी कमी होत जाते तसा तोच ड्रॅग जड होत जातो. गुंडाळीचा व्यास निम्मा झाला की ओढ दुप्पट. म्हणून मासा धावत असताना नॉब आवळायचा नसतो. पहिल्या धावेत घाबरून दोन वेढे आवळणारे लोक गरी सरळ करून घेतात किंवा दोरी तोडतात. जे ठरवायचं ते किनाऱ्यावर.

जागा, वेळ आणि तांडेल

अंदमानात जानेवारी ते एप्रिल हे शांत पाण्याचे महिने, तेव्हा तुमचा फेब्रुवारी-मार्चचा बेत बरोबर आहे. तारखा पंचांग बघून ठरवा. अमावस्या-पौर्णिमेच्या आगेमागे, उधाणाच्या दिवसांत ओढ जोरकस असते आणि जीटी ओढीवर जेवतो. मुंबईच्या चार-साडेचार मीटरच्या भरतीची सवय असलेल्याला तिथलं दोनेक मीटरचं उधाण किरकोळ वाटेल, पण बेटांमधल्या अरुंद वाटांतून तेवढंच पाणी चांगलं धावतं. भांगाच्या, म्हणजे उधाण नसलेल्या कमी ओढीच्या दिवसांत जाऊ नये असं नाही, मात्र तेव्हा चांगल्या तासांची संख्या कमी. भरती किंवा सुकती (ओहोटी) मध्यावर असताना, पाणी पळत असताना फेकायचं. पाणी थांबलं की जेवून घ्यायचं.

जागा शोधायची ती अशी: ओढ ज्या बाजूने येते त्या बाजूचं प्रवाळाचं टोक, दोन बेटांमधल्या वाटेचं तोंड, किंवा खोल पाण्यातून वर आलेलं एकटं खडप ज्याच्यावर पांढरं पाणी फुटतंय. ओढीच्या मागची, सावलीतली बाजू बघायला सुंदर असते, तिथे मासा कमी. दोन ते पंधरा-वीस मीटर खोलीच्या कडा पॉपरसाठी उत्तम. म्हणूनच विजयदुर्गाच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर असलेल्या आपल्या आंग्रिया बँक या समुद्राखालच्या प्रवाळ-पठाराची तुलना इथे पुरती लागू पडत नाही. तिथलं प्रवाळ अस्सल आहे, पण त्याचा उथळातला उथळ माथाही वीसेक मीटर खाली आहे, त्यामुळे ती जागा पॉपरपेक्षा जिगची, म्हणजे खोल बुडणाऱ्या जड आमिषाची.

परवानाधारक चार्टरच घ्या, आणि बुकिंग करताना विचारा की तांडेल जीटीसाठी होडी चालवतो का. हा प्रश्न रिळाच्या ब्रँडपेक्षा महत्त्वाचा आहे. जाणता तांडेल होडी ओढीच्या वर नेऊन कडेला समांतर वाहू देतो, फेकीच्या टप्प्यात ठेवतो, इंजिन चालू ठेवतो, आणि मासा लागला रे लागला की होडी प्रवाळापासून उघड्या पाण्याकडे काढतो. पहिल्या अर्ध्या मिनिटातलं निम्मं काम त्याचं. निघण्यापूर्वीच त्याच्याशी बोलून ठेवा: कुठल्या दिशेला काढणार, खूण काय. वंडूरचं महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान, आदिवासी राखीव किनारे, आणि नॉर्थ सेंटिनलभोवतीचं पाच सागरी मैलांचं प्रतिबंधित पाणी इकडे ‘जरा कडेकडेने’ जाऊ म्हणणारा तांडेल भेटला तर त्याच्याबरोबर जाऊच नका.

फेक, ओढ, झटका

होडीवर एका वेळी दोघेच फेकणार, एक नाळेवर (पुढच्या टोकाला) एक वरामावर (मागच्या टोकाला), आणि फेकण्याआधी मागे बघून मोठ्याने सांगायचं. पीई ८ उघड्या तर्जनीने सोडली तर बोट कापतं, बोटाला चामड्याची टोपी किंवा हातमोजा हवा. झटका देऊन फेकू नका. लीडरची गाठ टोकाबाहेर राहील इतकं आमिष खाली लोंबू द्या, मागे नेऊन रॉडला वाकू द्या आणि लांब, एकसंध झोत द्या. चाळीस-पन्नास मीटर पुरे. आमिष पाण्याला टेकताच रिळाची बेल (दोरी धरणारी तारेची कमान) हाताने मिटवा आणि दोरी तिच्या रोलरवर बसली का ते बघूनच रिळाचा पहिला फेरा मारा.

पॉपर ओढताना रॉडचं टोक खाली, पाण्याकडे, कंबरेच्या बाजूला. एक लांब जोरकस ओढ, ‘भूप्’ असा आवाज, मग सैल झालेली दोरी गुंडाळा, पुन्हा ओढ. तीन-चार सेकंदांना एक हा वेग. पॉपर पाण्याबाहेर उडी मारत असेल तर टोक वर धरलंय किंवा ओढ लाटेच्या उतारावर आलीय. स्टिकबेटला आवाज नको, लांब संथ ओढ हवी, म्हणजे तो पाण्याखाली वळवळत सरकतो. आमिष होडीशी येईपर्यंत ओढणं सोडू नका. जीटी बऱ्याचदा शेवटच्या पाच मीटरांत येतो.

आणि आता सगळ्यात कठीण गोष्ट. पाणी उडालं की झटका द्यायचा नाही. जीटी पहिल्या झेपेत चुकतो, कधी आमिष नुसतं ठोकतो. तुम्ही त्याच वेळी रॉड उचललात तर पॉपर हवेत उडून तुमच्याच तोंडाशी येतो. ओढत राहा, त्याच लयीत, तो पुन्हा येतो. दोरीवर वजन आलं, रॉड आपोआप वाकला, की मग टोक खालीच ठेवून जोरात गुंडाळा आणि कंबर फिरवून दोन-तीन वेळा आडवा झटका द्या.

मग रॉडचा बुडखा कंबरेच्या पट्ट्यातल्या वाटीत, गुडघे वाकलेले, पाठ सरळ. रॉड खालच्या कोनात. रॉड उभा करून धनुष्य केलं की जोर टोकावर जातो आणि कार्बन फुटतो. सर्वांत जास्त रॉड मासा होडीखाली आल्यावर तुटतात, याच कारणाने. रॉड होडीच्या काठावर टेकवला तरी तेच होतं. लहान लहान पंप, दोन फेरे गुंडाळणं, पुन्हा पंप. तो धावला तर धावू द्या, थांबला की लगेच कामाला लागा. त्याला श्वास मिळाला की तो पुन्हा खडकाकडे वळतो. पाण्यात शार्क दिसायला लागले तर ती जागा सोडा. तिथे लागलेला मासा तुम्ही त्यांच्यासाठी दमवताय.

तुटलं तर टोक बघा

दोरी तुटून परत आली की शिव्या द्यायच्या आधी तिचं टोक बघा, ते सगळं सांगतं. टोक डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं असेल तर गाठ सरकली. मीटरभर दोरी खरखरीत, दशा निघालेली असेल तर खडक: पुढच्या वेळी होडी लवकर काढायची किंवा जागा बदलायची. गाठीपाशी सरळ, स्वच्छ तुटली असेल तर लायटरची ज्योत किंवा आवळताना कोरडी घासलेली ब्रेड. आमिष आलं पण गरी सरळ झालीय तर गरी हलकी किंवा ड्रॅग जास्त. कडी उघडलीय तर कडी लहान. आणि एकदाही खडकाला घासलेला लीडर नखाने चाचपून बघा, खर लागली की बदला. दर मोठ्या माशानंतर गाठ नव्याने बांधा, ती चांगली दिसत असली तरी.

मासा वर आल्यावर

जीटी सोडून द्यायचा असतो. बहुतेक चार्टर हाच नियम पाळतात. त्याला कारणंही आहेत: मोठा मासा बरीच वर्षं जगलेला असतो, त्याच त्या कडेला राहतो, आणि एक कड दोन-चार मोसमांत रिकामी करता येते. शिवाय प्रवाळातल्या मोठ्या शिकारी माशांत सिगुआटेरा नावाचं विष साठलेलं असू शकतं. ते प्रवाळावरच्या सूक्ष्म जिवांपासून माशामाशांतून चढत येतं आणि शिजवून, तळून, मीठ लावून जात नाही. उलट्या-जुलाब, हातापायांना मुंग्या, थंड वस्तू गरम लागणं ही लक्षणं. खायला मासा हवाच असेल तर बाजारात सुरमई मिळते.

गरी होडीच्या बाजूला पाण्यातच निघाली तर उत्तम. फोटो हवा असेल तर ओले हातमोजे घालून एका हाताने शेपटीचं बुड, दुसरा हात पोटाखाली, मासा आडवा आणि मांडीवर टेकलेला. जबड्याला किंवा कल्ल्यात बोटं घालून उभा टांगू नका, वीस किलोच्या माशाचं आतलं सगळं त्याने खाली ओढलं जातं. कॅमेरा आधी तयार ठेवा, मासा नंतर उचला, वीस-तीस सेकंदांत परत. वजन जाणून घ्यायला टांगायची गरज नाही. जबड्यापासून शेपटीच्या खाचेपर्यंतची लांबी आणि सगळ्यात जाड भागाचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्या, घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले २८,९००: अंदाजे किलो आले. ११० लांबी आणि ८० घेर म्हणजे साधारण साडेचोवीस किलो.

सोडताना शेपटी धरून तोंड ओढीकडे करा आणि त्याने स्वतःहून जोराचा फटका मारेपर्यंत थांबा. होडी उंच असेल तर डोकं खाली करून सरळ पाण्यात सोडा, कल्ल्यांतून एकदम पाणी जातं आणि तो तसाच खाली निघतो.

निघण्यापूर्वी

दिवसाला शंभर-दीडशे फेकी होतात, दीडशे ग्रॅमच्या आमिषाने, उन्हात. महिनाभर आधीपासून मोकळ्या मैदानावर गरीविना तेवढंच वजन फेकायचा सराव करा. चोणकाच्या हलक्या फेकीचे स्नायू इथे कामाला येत नाहीत. दुभागी रॉडची नळीही सहा फुटांच्या आसपास जाते, विमान कंपनीला आधी विचारून लेखी घ्या, पोर्ट ब्लेअरच्या (आता श्री विजयपुरम) विमानात ऐन वेळी जागा मिळत नाही. गऱ्या, पक्कड, कात्री चेक-इन सामानात. कडी उघडायची जाड पक्कड आणि गरीचा दांडा कापेल अशी कटर, दोन्ही घ्या. दुसरी वस्तू माशासाठी नसते, माणसाच्या हातात घुसलेल्या गरीसाठी असते.

रोज संध्याकाळी रीळ ड्रॅग आवळूनच गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धरा. जोराच्या फवाऱ्याने मीठ आत जातं. पुसून झालं की रात्रभरासाठी ड्रॅग पूर्ण सैल सोडा, नाहीतर आतल्या चकत्या दबून बसतात आणि दुसऱ्या दिवशी पहिल्याच माशाला रीळ झटक्याने सुटतं. सकाळी पुन्हा काट्यावर मोजूनच होडीत चढा.